जळणाची जागा

घरात गॅस आला की जळण गेले, असा शहरात राहणाऱ्यांचा समज असतो. आपल्या खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत मात्र दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास निम्म्या घरांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन जळाऊ लाकूड होते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर गरिबाच्या घरीही सिलिंडर पोहोचला. चहा, फोडणी, मुलांचे डबे गॅसवर होऊ लागले. पण आंघोळीचे पाणी, भाकऱ्या, जनावरांचे आंबोण, सणावारचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. सिलिंडर संपला आणि बाहेर धो धो पाऊस असला की चुलीशिवाय गत्यंतर नसते. म्हणजे जळण घरात आहेच. ते घरात कुठे आहे, हा प्रश्न मात्र आपण कुणी विचारत नाही. आज त्याविषयीच लिहायचे ठरवले आहे.

माझे बालपण याच तालुक्यात, घाटाकडच्या एका खेड्यात गेले. पाऊस मृगाला सुरू झाला की गणपती होऊन गेले तरी हटायचा नाही. चार महिने कोरडी काटकी बाहेर मिळणे कठीण. त्यामुळे जळणाची बेगमी ही धान्याच्या बेगमीइतकीच महत्त्वाची होती. तुळशीचे लग्न झाले की शेताच्या बांधावरची वाळकी झाडे, छाटलेल्या फांद्या अंगणात येऊन पडत. शिमग्यापर्यंत घरातली मोठी माणसे कुऱ्हाडीने लाकडे फोडत. मग ती उन्हात पसरून, उलटी-पालटी करून वाळवायची आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास छपराखाली घ्यायची. या कामात आम्हा मुलांनाही सुट्टी नसे. एकाने मोठे ढलपे उचलावे, दुसऱ्याने काटक्यांच्या मोळ्या बांधाव्या आणि रचण्याचे काम आज्जीने स्वतः करावे, अशी वाटणी होती.

आमचे घर जुन्या पद्धतीचे. पुढे सोपा, मग माजघर, एका बाजूला स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि मागे पडवी. पडवीला एक दार परड्यात उघडणारे. जळण राहायचे ते या मागच्या पडवीत, घराच्या छपराखाली पण माणसांच्या झोपण्याच्या जागेपासून दोन भिंती पलीकडे. तिथे जमिनीवर दगड मांडलेले, दगडांवर आडवे वासे आणि वाशांवर लाकडे. भिंत आणि लाकडे यांत हात जाईल एवढी फट. कुणी घाईत लाकडे भिंतीला टेकवली की आज्जी म्हणायची, "भिंतीला चिकटवू नको रे बाबा, वारा कुठनं जाणार त्येला?" लाकडाला वारा लागतो, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. चुलीच्या शेजारी फक्त त्या दिवसाचे जळण. तेही दुपारी, उजेड असताना आणायचे. अंधार पडल्यावर जळणात हात घालायचा नाही, हा नियम देवाच्या नियमासारखा पाळला जाई.

त्या वेळी आम्हाला या गोष्टी म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या कटकटी वाटत. शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर कळले की यातल्या प्रत्येक कटकटीला कारण आहे.

आता घरे बदलली. मातीच्या भिंती गेल्या, सिमेंटच्या आल्या. कौले गेली, स्लॅब आला. ही चांगलीच गोष्ट आहे. दर वर्षी छप्पर शाकारण्याचा त्रास वाचला, भिंती पडायच्या थांबल्या. पण नकाशा काढताना हॉल, किचन, बेडरूम, बाथरूम यांना जागा मिळाली आणि पडवी मात्र नकाशातून निघून गेली. चूल मात्र गेली नाही. मग जळण जिथे मावेल तिथे जाऊ लागले. जिन्याखाली, मागच्या दाराच्या आड, बाथरूमबाहेरच्या बोळात, कॉटखाली, काही ठिकाणी तर सिलिंडरच्या शेजारी. एरवी देवघरापासून टी.व्ही.पर्यंत सगळ्याला जागा ठरवून देणारे आपण जळणाच्या बाबतीत मात्र 'असू दे तिथंच' म्हणतो. माझ्या मते धोका आला तो इथून. लाकूड पूर्वी होते तेच आहे, त्याची जागा तेवढी गेली.

मागे एकदा आठवीच्या वर्गात ज्वलनाचा पाठ चालू होता. सहज विचारले, "कुणाकुणाच्या घरात जळण आहे?" खेड्यांतून बसने येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. "कुठे ठेवता?" म्हणून एकेकाला विचारत गेलो. उत्तरे वर लिहिली तीच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मी जळणाच्या कडेलाच झोपते. तिथं ऊब अस्ती की ओ." वर्ग हसला. तिला आपण काही विशेष सांगितले असे वाटले नाही. पुढचा पाठ मी शिकवला, पण मन त्या वाक्याभोवतीच घोटाळत राहिले. कारण आमच्या गल्लीत काय झाले होते, ते मला ठाऊक होते.

ते आधी सांगतो. आमच्या शेजारच्या वहिनी श्रावणात एका संध्याकाळी दिवे गेलेले असताना जिन्याखालचे जळण काढायला गेल्या. तळाचे एक ढलपे ओढले आणि हाताला काहीतरी चावले. उंदीर असेल म्हणून त्यांनी आधी दुर्लक्ष केले. थोड्याच वेळात हात सुजू लागला आणि आग होऊ लागली. बॅटरी मारून पाहिले तर लाकडांच्या फटीत घोणस. शेजारच्या तरुण मुलांनी शहाणपणा केला, वेळ न घालवता टेम्पोत घातले आणि बेळगावला दवाखान्यात नेले. घोणशीचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करते. वहिनी वाचल्या, पण चौदा दिवस दवाखान्यात होत्या आणि डायलिसिस करावे लागले. घरात दोन लहान मुले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाच्या घासाला चव नव्हती.

साप जळणात का येतो? लाकूड त्याला आवडते म्हणून नव्हे. जळणाच्या फटी उबदार, कोरड्या आणि अंधाऱ्या असतात. तिथे उंदीर घर करतात, पाली आणि बेडूक येतात. त्यांच्या मागे साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी भरल्यावर तर तो कोरडी जागा शोधतच असतो. आपल्याकडे माणसांना होणाऱ्या विषारी दंशांपैकी बहुतेक चार सापांचे असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतली मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे अपचन झाले म्हणून ओवा देत बसतात. जळणाच्या उबेला झोपणारी ती मुलगी डोळ्यांसमोर आली, ती याच कारणाने.

पुढच्या पालकसभेला तिचे वडील आले तेव्हा त्यांच्याशी बोललो. भला माणूस. म्हणाला, "सर, एवढ्याशा घरात कुठं ठेवू सांगा." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मग आम्ही दोघांनी वहीच्या पानावर त्यांच्या घराचा नकाशा काढला. गोठ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा होता. पत्रा हातभर पुढे ओढला तर तिथे जळण मावत होते. महिन्याभरात त्यांनी ते केले. मुलगी आता कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपते. डासांसाठी लावलेली मच्छरदाणी सापविंचवालाही अडवते, हे पालकांनी जरूर लक्षात ठेवावे.

आणि तरीही कधी दंश झालाच, तर काय करावे हे सर्वांना पाठ असले पाहिजे. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात किंवा पाय लाकडाची पट्टी लावून स्थिर ठेवावा. बांगड्या, अंगठ्या, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते रुततात. दोरीने आवळू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने विष ओढू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. साप मारण्याच्या वा पकडण्याच्या भानगडीत पडू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात पोहोचावे. आपल्या देशात मिळणारी ही लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. विंचवाचेही तसेच. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण खूपच खाली आले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण त्या औषधाचाही उपयोग वेळेत दवाखाना गाठला तरच.

आता दुसरा धोका, आगीचा. जळण म्हणजे जळणारच, त्याचा राग कशाला! पण ते कुठे जळावे हे आपण ठरवायचे असते. आपल्याकडे पाहिलेली एक सवय सांगतो. लांब ओंडका फोडण्याचा कंटाळा करून तसाच चुलीत घालायचा आणि जळेल तसा आत सारायचा. माणूस बाजूला गेला की आग ओंडक्यावरून हळूहळू मागे येते. मागे जर वाळक्या काटक्यांचा ढीग असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून चुलीत मावेल एवढेच, साधारण हातभर लांबीचे तुकडे करावेत आणि साठा चुलीपासून निदान तीन-चार फूट लांब असावा. झोपण्यापूर्वी चुलीतले अर्धवट जळलेले लाकूड बाहेर काढून पाण्याने विझवावे. राखेवर विश्वास ठेवू नये. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती गार होईपर्यंत पत्र्याच्या डब्यात ठेवावी, जळणाजवळ किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत ओतू नये.

जळणाच्या शेजारी तीन गोष्टी नकोतच: गॅसचा सिलिंडर, पेट्रोल-डिझेलसारखे तेल आणि विजेचा मीटर किंवा सैल वायरी. जिन्याखाली बहुधा मीटरच असतो, हे घरी गेल्यावर पाहा. मागचे दार जळणाने कधीच अडवू नये. आग स्वयंपाकघरात लागली तर सुटायला तेच दार असते. चुलीच्या वरच्या माळ्यावर धुराने वाळतील म्हणून लाकडे ठेवण्याची जुनी रीत आहे. पण तिथे काजळी साठते, ठिणगी वर जाते आणि आग लागल्यावर ती डोक्यावर असते. वाळवायचेच असेल तर ऊन मोफत आहे.

लाकूड वाळलेले असावे, हा आग्रह का, याचे एक साधे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. म्हणजे दहा किलो ओल्या लाकडात चार-पाच किलो पाणीच. उकळत्या अवस्थेतल्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. चार किलोसाठी किती झाली? ती सगळी उष्णता आपल्या भाताला न मिळता धुराड्यातून निघून जाते. शिवाय ओले लाकूड नीट पेटत नाही, धुमसते आणि धूर करते. तो धूर आई आणि आज्जी यांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. चुलीपुढे फुंकणीने फुंकून फुंकून खोकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वाळलेले लाकूड ओळखायला यंत्र नको. त्याच्या टोकांना भेगा पडतात, साल सुटते, ते हाताला हलके लागते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद येतो. लाकूड सालीतून फार हळू वाळते, फोडलेल्या बाजूने लवकर. म्हणून ओंडके तसेच ठेवण्यापेक्षा आधी फोडून मग वाळवावेत.

ओले लाकूड घरात आणण्याचा आणखी एक तोटा आहे. बंद खोलीत त्यातला ओलावा भिंतींना लागतो, बुरशी येते. दम्याच्या मुलांना ती फार त्रास देते. मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लागते आणि तिथून ती चौकटीत आणि कपाटात जाते. ढिगाखाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड पोखरणारे किडे झाले असे समजावे आणि ते जळण आधी संपवावे. त्यावर कीटकनाशक मारू नये. तेच लाकूड उद्या चुलीत जाणार आहे आणि औषधाचा धूर घरच्यांच्या नाकात.

रचण्याविषयीही दोन शब्द. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा रचलेल्या लाकडांचे वजन चार-पाच क्विंटल सहज भरते. असा ढीग लहान मुलावर कोसळला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. म्हणून उंची मोठ्या माणसाच्या कमरेपेक्षा जास्त नसावी. दोन्ही टोकांना लाकडे एक थर उभा, एक थर आडवा अशी चौकट करून रचली की ढीग घसरत नाही. गोल ओंडके सर्वांत खाली, काटक्या वेगळ्या. लाकूड नेहमी वरून काढावे, मधूनच ओढू नये. काढण्याआधी काठीने दोन-तीनदा ठोकावे आणि थोडे थांबावे. पायांत चप्पल नव्हे, बूट असावेत. रात्री बॅटरीशिवाय जाऊ नये.

वहिनी बरी होऊन घरी आल्यावर आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक काम केले. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीबाहेर, उतरता पत्रा टाकून दीड हात खोल आणि सहा फूट लांब जागा केली. खाली सिमेंटच्या विटांचे दोन थर, त्यांवर जुने वासे. तीन बाजू मोकळ्या, पावसाच्या झडीच्या बाजूला तेवढा प्लॅस्टिकचा पडदा. मधोमध एक उभा वासा ठोकून जागेचे दोन भाग केले. एका भागात गेल्या वर्षीचे, दुसऱ्यात यंदाचे. जुने संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. घरात येते ते फक्त एका दिवसाचे, पत्र्याच्या घमेल्यात. वर्षातून एकदा, वैशाखात, सगळे जळण बाहेर काढून जागा झाडून घेतात. उंदरांची घरे मोडतात, तळाला साचलेला पाला जातो. काम दोन दिवसांचे, खर्चही बेताचा. जुनी पडवीच आम्ही नव्या घराला परत जोडली म्हणा ना.

ज्यांच्याकडे बाहेर अजिबात जागा नाही, त्यांनी साठाच कमी करावा. चार महिन्यांचे जळण घरात कोंबण्यापेक्षा आठवड्याचे ठेवावे आणि बाकीचे भावकीच्या किंवा शेजाऱ्याच्या छपराखाली ठेवायला मागावे. आपल्या गावांत अशा कामाला कुणी नाही म्हणत नाही. जे घरात ठेवाल, ते झोपण्याच्या खोलीत नको, कॉटखाली नको, दाराआड नको, एवढे पथ्य तरी सांभाळावे.

नागपंचमीला आपल्याकडे काही चिरत नाहीत, खणत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. श्रावणातला हा सण साप घराजवळ येतात त्या दिवसांतच येतो. एक दिवस तरी जमीन, अडगळ उकरू नये, एवढी जाणीव आपल्या पूर्वजांनी त्या सणात ठेवली असावी असे मला वाटते. ती एका दिवसापुरती न ठेवता चार महिने ठेवली तर सण सार्थकी लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा आता संपत आल्या आहेत. सुट्टीत मामाच्या गावाला जाण्याआधी एक काम करा. आपल्या घराचा नकाशा वहीत काढा. चूल, सिलिंडर, मीटर, दारे आणि प्रत्येकाची झोपायची जागा त्यात दाखवा. मग जळण कुठे आहे तिथे लाल पेन्सिलने फुली मारा. फुली आणि अंथरूण यांत किती अंतर आहे, फुली आणि चूल यांत किती आहे, ते टेपने मोजून लिहा. तो कागद रात्री जेवणाच्या वेळी बाबांना दाखवा. मृग अजून लांब आहे. तोवर दोन विटा, चार वासे आणि एक पत्रा नक्कीच मिळेल.